दुष्काळ की दुष्काळसदृश?

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांसाठी झालेल्या भाषणाचा लिखित मजकूर)

भाकऱ्या उरकल्या असतील, जनावरांना वैरण टाकून झाली असेल, तर घटकाभर रेडिओजवळ बसा. आज आम्ही पाण्याविषयी, जमिनीविषयी आणि झाडाविषयी बोलणार आहोत. पण आज विहीर कशी खोदायची किंवा रोप कसं लावायचं ते सांगणार नाही. पाणी, जमीन आणि झाड यांच्याबद्दल सभेत, फलकावर आणि सरकारी कागदात जे शब्द वापरले जातात, त्या शब्दांविषयी बोलणार आहोत. कारण आमचा अनुभव असा, की कागदावरचा एक शब्द इकडचा तिकडे झाला, की आपल्या ताटातली भाकरी आणि हंड्यातलं पाणीही इकडचं तिकडे होतं.

सुरुवात एका लहानशा गोष्टीनं करतो.

२०२३ सालचा पावसाळा आठवा. ऑगस्ट महिना कोरडा गेला होता. त्या हिवाळ्यात आमच्या गटातली एक ताई दहावीतल्या मुलीच्या परीक्षा फीची चौकशी करायला शाळेत गेली. दुष्काळात फी माफ होते, एवढं तिनं ऐकलं होतं. तिथं तिला सांगण्यात आलं, "आपल्या तालुक्यात दुष्काळ जाहीर नाही. आपल्याकडे दुष्काळसदृश परिस्थिती आहे." ताई गप्प परत आली. संध्याकाळी गटाच्या बैठकीत म्हणाली, "बाजरी वीतभर राहिली, विहिरीनं तळ गाठला, शेळ्या अर्ध्या किमतीत विकल्या. आता हे सदृश म्हणजे काय गं? दुष्काळासारखा दिसतो, पण दुष्काळ नाही?"

आम्ही आधी हसलो, मग कुणालाच हसू येईना. आमच्या गटात एक रीत आहे. जो शब्द कळत नाही तो हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचा आणि पुढच्या बैठकीपर्यंत त्याचा छडा लावायचा. तो शब्द लिहिला आणि शासन निर्णयाची प्रत मिळवली.

कागद वाचल्यावर कळलं ते असं. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. त्यातल्या २४ तालुक्यांत गंभीर आणि १६ तालुक्यांत मध्यम. त्यानंतर नोव्हेंबरात उरलेल्या तालुक्यांतल्या सुमारे एक हजार महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर झाली. आणि या मंडळांनाही सवलती दिलेल्या होत्या. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत थोडी ढिलाई, गरज असेल तिथं टँकर, आणि टंचाईच्या गावांत शेतीपंपाची वीज न तोडणं.

म्हणजे फीमाफी 'सदृश' गावातल्या मुलीलाही होती! ताईनं ती प्रत नेऊन दाखवली आणि मुलीचं नाव यादीत गेलं. पहिल्यांदा सांगणाऱ्यानं मुद्दाम अडवलं असं आम्ही म्हणत नाही. त्यालाही 'सदृश' म्हणजे 'नाही' असंच वाटलं असणार. शब्दच तसा होता. पण ती प्रत आम्ही शोधली नसती, तर एका शब्दापायी तिचे पैसे गेले असते.

आणि सगळंच सारखं होतं असंही नाही. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांना पिकाच्या नुकसानीची जी मदत आपत्तीच्या निधीतून मिळते, ती या आठ सवलतींत नव्हती. कागदावरचा 'सदृश' हा शब्द म्हणजे उंबरठा होता. आत काय मिळतं आणि बाहेर काय मिळतं, ते त्यावर ठरत होतं.

एका शब्दाला कायद्यातून रजा

मैत्रिणींनो, हे पहिल्यांदा घडलेलं नाही. या शब्दाची गोष्ट जुनी आहे.

इंग्रजांच्या काळात उपासमारीनं माणसं मरायची, तेव्हा 'फॅमिन' म्हणजे दुष्काळ या नावानं नियम झाले. दुष्काळ ठरला, की सरकारनं कामं काढायची, धान्य द्यायचं, हे त्यात लिहिलेलं होतं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ साली विधिमंडळानं एक कायदा केला. त्या कायद्याचं कामच असं होतं, की राज्यातल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकायचा. कारण असं दिलं, की सरकारचं शेतीच्या स्थितीवर सतत लक्ष असतं आणि टंचाई दिसू लागली की लगेच मदत पोचते. तेव्हा दुष्काळाला आता जागाच उरलेली नाही. त्या शब्दाच्या जागी 'टंचाई' हा शब्द आला.

इथं न्यायानं एक गोष्ट सांगायला हवी. इंग्रजीत अन्नावाचून माणसं मरतात त्याला एक शब्द आहे आणि पाऊस पडत नाही त्याला दुसरा. आपण मराठीत दोन्हीला दुष्काळच म्हणतो. माणसं मरू द्यायची नाहीत, हा त्या कायद्यामागचा विचार चांगलाच होता. पण शब्द काढल्यानं संकट निघून जात नाही. पुढच्या दहा वर्षांतच १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या सासवा, आज्या अजून त्याला 'बहात्तरचा दुष्काळ'च म्हणतात. खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, परदेशातून आलेली लाल मिलो दळलेली बाई 'बहात्तरची टंचाई' म्हणत नाही. कायद्यानं पुसलेला शब्द बायकांनी जपून ठेवला.

हा फरक नुसता बोलण्याचा नाही. 'टंचाई' म्हटलं, की वाटतं काही तरी थोडं कमी पडलं आहे, टँकर पाठवला की भागेल. 'दुष्काळ' म्हटलं, की विचारावं लागतं: पाणी गेलं कुठं? पिकं कोणती होती? काम कुणाला मिळालं? गाव सोडून कोण गेलं? छोट्या शब्दाला छोटं उत्तर पुरतं.

बोलणं खरं करणारा शब्द

राजकारणातली सगळीच भाषा पोकळ असते असं मात्र आम्हाला म्हणायचं नाही. त्याच बहात्तरच्या काळात आणखी एक वाक्य गावोगाव पोचलं: 'मागेल त्याला काम'. ते वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमी योजनेचं वाक्य. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती आणि त्यात बायांची संख्या मोठी होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते त्या हातांनी झाले. पुढं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशभराचा रोजगार हमी कायदा आला तो २००५ साली, महाराष्ट्राच्या अनुभवानंतर.

हे वाक्य का टिकलं? आम्ही गटात यावर बरंच बोललो. 'मागेल त्याला काम' या तीन शब्दांत मागणारी कोण ते आहे, द्यायचं काय तेही आहे. काम मिळालं की नाही, हे कुणालाही तपासता येतं. २००५ च्या कायद्यात तर मागणी अर्जाची तारीख घातलेली पावती आणि पंधरा दिवसांची मुदत लिहून दिली होती. म्हणजे भाषण संपल्यावरही त्या शब्दाला हिशोब विचारता येत होता. ज्याला हिशोब विचारता येतो, तो शब्द आपल्या कामाचा. ज्याला विचारता येत नाही, तो नुसता कानाला गोड.

'सदृश'चा निकाल

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या वर्षीही कागदावर 'दुष्काळसदृश' हाच शब्द होता. मुंबई उच्च न्यायालयात याबाबतच्या जनहित याचिका सुरू होत्या. मे महिन्यात शासनानं सांगितलं, की जिथं जिथं 'दुष्काळसदृश' लिहिलं आहे, तिथं 'दुष्काळ' असं वाचावं. २९ हजारांहून जास्त गावांना तो बदल लागू झाला. एका ओळीचा कागद, आणि हजारो गावांच्या परिस्थितीचं नाव बदललं! आभाळ तेच, जमीन तीच, विहीर तीच.

त्याच मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही दुष्काळाच्या एका खटल्यात काही राज्यांना सुनावलं, की दुष्काळ मान्य करायला तुम्ही टाळाटाळ करता. त्यानंतर डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राची दुष्काळाची नियमावली नव्यानं आली. पूर्वी सगळा भर पैसेवारीवर असायचा. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली, की पीक बुडालं असं धरायचे. आता आधी पावसाची तूट आणि खंड बघतात. मग पेरणी किती झाली, जमिनीत ओल किती, धरणात आणि जमिनीखाली पाणी किती, उपग्रहातून पीक हिरवं दिसतं का, हे मोजतात. शेवटी काही गावांत प्रत्यक्ष पाहणी होते.

मोजमाप आलं ही चांगली गोष्ट. पण लक्षात घ्या, जे मोजलं जातं तेच कागदावर येतं. उपग्रहाला शिवार हिरवं दिसलं, तरी त्यात पीक किती आणि तण किती, ते खुरपणाऱ्या बाईलाच माहीत. पाण्यासाठी आपण किती पायपीट केली, पोरीची शाळा किती दिवस बुडाली, हे कुठल्याच रकान्यात नाही. म्हणून पाहणीला पथक येतं तेव्हा नुसतं पुरुषांनी बांधावर जायचं आणि आपण चहा करायचा, असं होऊ देऊ नका. चहा नंतर.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. पिकाबरोबर मातीही वाहून गेली. सगळीकडून मागणी आली, 'ओला दुष्काळ जाहीर करा'. शासनाकडून उत्तर आलं, की 'ओला दुष्काळ' हा शब्द नियमावलीत नाही. मात्र दुष्काळाच्या वेळी ज्या सवलती देतो त्या देऊ. बघा, लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या असलेला शब्द पुस्तकात नाही! पाऊस आता असा लहरी झाला आहे, की एकाच गावात एका वर्षी कोरडा आणि दुसऱ्या वर्षी ओला दुष्काळ येतो. जुनी नावं अपुरी पडत असतील, तर पुस्तकात नवी घालावी लागतील. ती लोकांच्या बोलण्यातूनच येतील.

'मुक्त' आणि 'बंदी'

आता निवडणुकीच्या सभेतला एक लाडका शब्द घेऊ: मुक्त. दुष्काळमुक्त, टँकरमुक्त, टंचाईमुक्त. कोणत्याही पक्षाची सभा घ्या, हा शब्द येतोच.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. त्याचं ब्रीद होतं 'सर्वांसाठी पाणी, टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९'. दरवर्षी पाच हजार गावं घ्यायची असं ठरलं. नाले खोल झाले, गाळ निघाला, सिमेंट बंधारे झाले. काही गावांना त्याचा चांगला उपयोगही झाला. पण ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. तपासलेल्या १२० गावांपैकी बहुतेक ठिकाणी साठलेलं पाणी गावाच्या गरजेला पुरेसं नव्हतं, असं त्यात म्हटलं होतं.

यात कुणा एकाला दोष देण्यापेक्षा शब्दाकडे बघूया. पाऊस कमी-जास्त होणं माणसाच्या हातात नाही. त्यामुळे दुष्काळापासून 'मुक्त' कुणीच करू शकत नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत: पडलेलं पाणी मुरवणं, आणि मुरलेलं पाणी जपून वापरणं. 'मुक्त' हा शब्द पहिली गोष्ट सांगतो आणि दुसरी लपवतो. बंधारा बांधताना फोटो निघतो, नारळ फुटतो. पण बंधाऱ्याच्या कडेला दोन नवीन बोअर पडले आणि उसाचं क्षेत्र वाढलं, तर साठलेलं पाणी डिसेंबरातच संपतं. महाराष्ट्रात लागवडीच्या जमिनीतला लहानसा वाटा उसाखाली आहे, पण सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा ऊस पितो. हे सभेत सांगणं अवघड, कारण समोर ऊस लावणारेही बसलेले असतात आणि व्यासपीठावर साखर कारखान्याचे लोकही.

आता दुसरा शब्द बघा: बंदी. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव तुम्ही ऐकून असाल. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर नव्वदच्या दशकात त्या गावानं पंचसूत्री धरली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पुढं शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, हेही ग्रामसभेत ठरलं. दरवर्षी पावसाळा संपला, की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस इतका पडला, माणसांना इतकं, जनावरांना इतकं, आता उरलं त्यात कोणतं पीक बसतं? पाऊस कमी झाला, तर पीकही कमी पाण्याचं.

'मुक्त' म्हणताना बोलणाऱ्याला काहीच सोडावं लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. 'बंदी' म्हटली की प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागतं. म्हणून तो शब्द वरून सांगितलेला चालत नाही, गावानं बसून स्वतःवर घालून घ्यावा लागतो.

पण थांबा, इथंही एक प्रश्न विचारायचा आहे. बंदीचा भार कुणाच्या डोक्यावर? चराईबंदी झाली, तर चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईनं काय करायचं? कुऱ्हाडबंदी झाली, तर चुलीला काय घालायचं? याचं उत्तर आधी ठरवलं, म्हणजे गवत कापून न्यायला कुणाला किती दिवस मुभा, गॅसची सोय कशी, तर ती बंदी सगळ्या गावाची. नाहीतर ती फक्त गरीब बाईची. ग्रामसभेत हे विचारायला आपण हजर पाहिजे.

पडीक कुणासाठी?

तिसरा शब्द सातबाऱ्याजवळचा. इंग्रज सरकारनं जमीन मोजली ती सारा गोळा करण्यासाठी. ज्या जमिनीतून सारा निघतो ती कामाची, बाकीची पडीक. आजही सातबाऱ्यावर 'पोटखराबा' हा शब्द आहे. जमिनीचा जो भाग पिकाला उपयोगी नाही, तो पोटखराबा.

आता आपण आपल्या डोळ्यांनी बघू. गावाबाहेरचा माळ. तिथं पावसाळ्यात गवत येतं. बोरं, करवंदं, तरवड मिळतो. शेण मिळतं, काटक्या मिळतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला टाकळा, कुर्डू, अशी रानभाजी मिळते. मेंढरं घेऊन येणारा धनगर तिथं थांबतो. सोलापूरकडच्या अशाच माळरानावर माळढोक पक्षी राहायचा, म्हणून १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य केलं. हे सगळं देणारी जमीन कागदावर 'पडीक'!

एकदा 'पडीक' म्हटलं, की ती जमीन कशालाही देता येते, कारण नाव असं सांगतं की तिथं कुणाचं काही बुडत नाही. सध्या शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून सौर प्रकल्प होत आहेत. २०१७ पासून ही योजना आहे, २०२३ मध्ये ती नव्यानं आली. त्यासाठी सरकारी जमिनी आणि गायरानं घेतली जातात. दिवसा वीज मिळणं फार गरजेचं आहे. रात्री अंधारात मोटार चालू करायला गेलेल्या माणसाची वाट बघत आपणच जागतो. सूर्याची वीज धूर करत नाही, हेही खरं. पण कुंपण पडल्यावर शेळ्या कुठं जाणार, हे कुणीतरी विचारायला हवं. ठराव लिहिताना 'गावातील पडीक जमीन' असं लिहिलं, तर तो प्रश्न उठतच नाही. 'गावातील चराईची, सरपणाची आणि रानभाजीची जमीन' असं लिहिलं, की उठतो. मग अर्धी जागा सोडा, कुंपणाआतलं गवत गटाला कापू द्या, गायरानाला दुसरी जागा द्या, अशी बोलणी होऊ शकतात. विरोधच करा असं आम्ही म्हणत नाही. निदान जमिनीचं खरं नाव घेऊन मग ठरवा.

बांबू झाड की गवत?

शब्द जिंकल्याचीही गोष्ट सांगतो. आपल्या सगळ्यांना माहीत आहे, बांबू गवतासारखा वाढतो. कापला की पुन्हा फुटतो. शास्त्रही त्याला गवताच्याच कुळात धरतं. पण १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड' होता. झाड म्हटलं, की ते तोडायला आणि वाहून न्यायला परवानगी लागते. त्यामुळे सूप-टोपल्या विणणाऱ्या माणसाला स्वतःच्या रानातला बांबू आणतानाही धास्ती.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला 'गौण वनोपज' म्हटलं आणि गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं हा शब्द धरून ठेवला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. तरीही बांबू विकायचा, तर वाहतूक पास कुणी द्यायचा यावर अडलं होतं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेलं. पुढं २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' राहिला नाही.

आणि बांबू संपला का? नाही. किती कापायचा, किती ठेवायचा हे ज्या गावाला ठरवायचं आहे, त्याला पुढच्या वर्षीही तो हवाच असतो. जंगल राखणं म्हणतात ते हेच.

शाश्वत म्हणजे बियाण्याची कणगी

शेवटचा शब्द सगळ्यात मोठा: शाश्वत. शाश्वत विकास, शाश्वत शेती, शाश्वत सिंचन. कीर्तनात आपण ऐकतो, की शाश्वत म्हणजे जे कधी नाश पावत नाही. मग रस्ता शाश्वत कसा? कारखाना शाश्वत कसा?

या अर्थानं तो शब्द जगभर पसरला तो १९८७ मध्ये. नॉर्वे देशाच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड या बाईंच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगानं अहवाल लिहिला. त्याचं सार असं: आजच्या गरजा अशा भागवा, की उद्याच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील. आता हे तर आपल्या आजीला माहीत होतं! कितीही उपासमार झाली, तरी राखेत घोळवून, लिंबाचा पाला घालून ठेवलेलं बियाणं ती खाऊ द्यायची नाही. बियाणं खाल्लं, तर यंदाचं पोट भरेल, पण पुढच्या मिरगाला पेरायचं काय?

त्याच्याही आधी, १९७२ मध्ये, स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात पर्यावरणावर पहिली मोठी जागतिक परिषद झाली. इंदिरा गांधी तिथं गेल्या होत्या. गरिबी आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का, असा प्रश्न त्यांनी श्रीमंत देशांना विचारला होता. गरिबांना आधी जगू द्या, असा त्याचा रोख होता. पण पुढं लोकांनी प्रश्नचिन्ह गाळलं आणि 'गरिबीच सगळ्यात जास्त प्रदूषण करते' असं विधान करून टाकलं. गरिबांची बाजू घेणारं वाक्य गरिबांवरच उलटलं. चुलीच्या धुराला बाई जबाबदार आणि कारखान्याचा धूर म्हणजे प्रगती! एक खूण गाळली की एवढा फरक पडतो.

म्हणून कुणी 'शाश्वत' म्हणालं, की आपण कणगीजवळ जायचं. यात बियाणं राखलंय का? पाणी उपसतो त्याहून जास्त मुरतंय का? कापतो त्याहून जास्त फुटतंय का? 'हो' असेल, तर शाश्वत. नसेल, तर तो नुसता फलक.

गटाच्या बैठकीसाठी

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. ग्रामपंचायतीचा फलक, योजनेचा कागद, निवडणुकीचं पत्रक, जे हाती येईल ते घ्या. पाणी, जमीन किंवा झाडाबद्दलचा एकच शब्द निवडा आणि त्याला हे चार प्रश्न विचारा.

पहिला: हा शब्द कुणी ठरवला, आणि आपण त्याच गोष्टीला काय म्हणतो?

दुसरा: या शब्दानं कुणाला काय मिळतं आणि कुणाचं काय सुटतं?

तिसरा: यात काही मोजता येतं का? किती, कुठं, कधीपर्यंत, कुणाच्या जबाबदारीवर?

चौथा: यासाठी कुणाला काय सोडावं लागेल, आणि ते सोडणारी फक्त आपणच तर नाही?

उत्तरं वहीत लिहा. मग ग्रामसभेत एकीनं तरी उठून वाचून दाखवा. आणि ठराव लिहिला जाताना तो मोठ्यानं वाचायला सांगा. 'पडीक' लिहिलं असेल, तर 'गायरान' लिहायला लावा. 'लवकरच' लिहिलं असेल, तर तारीख घालायला लावा. सही त्यानंतर.

ती ताई, जिच्यापासून आम्ही सुरुवात केली, तिची मुलगी आता कॉलेजात आहे. परवा ती आमच्या केंद्रात आली होती. वहीचं मागचं पान उघडून तिनं एक नवा शब्द लिहिला आणि म्हणाली, "याचा अर्थ पुढच्या वेळी मी सांगणार." आम्ही वाट बघतो आहोत. तुमच्या वहीतलाही एक शब्द आम्हाला कळवा. पुढच्या भाषणात त्याच्याबद्दल बोलू.

तोवर पाणी जपा, बियाणं राखा. नमस्कार.